मागल्या दाराचा पाट

दांडी गावातल्या आमच्या घराला दोन दारं होती. पुढचं गावाकडे, मागचं खाडीकडे. पुढच्या दारातून पाहुणे येत, मागच्या दाराशी बायका मासळी धूत, भांडी घाशीत, आणि घरातले पुरुष कुडाच्या आडोशाला लघवीला जात. हे शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात अजून जरा अडखळतो. जन्मभर शाळेत पोरांना नीट बोलायला शिकवलं, आणि स्वतःला हे साधं लिहिता येऊ नये! पण ही आठवणच त्या कुडाआडची आहे, तेव्हा लाजून भागणार नाही. लाजेपायी आमच्या घराने पुरेशी माणसं घालवली आहेत.

मागच्या उंबऱ्याबाहेर कधीकधी एक पाट मांडलेला असे. फणसाच्या लाकडाचा, जुना, कडा झिजलेला. एरवी तो माळ्यावर उलटा पडून असे आणि त्याला हात लावायची आम्हा पोरांची टाप नव्हती. घरातला एखादा पुरुष उतारवयाला आला आणि त्याच्या पाण्याचा आवाज बदलला, की घरातली जाणती बाई कोणाला न सांगता तो पाट खाली काढी, धुई, आणि खाडीकडे तोंड करून बसता येईल असा मांडून ठेवी.

आवाज बदलला म्हणजे काय, ते सांगते. चुलीच्या मागची भिंत आणि कूड यांत फारसं अंतर नव्हतं. बाहेर उभा राहिलेला माणूस किती वेळ उभा आहे, धार लागतेय की थेंब थेंब पडतंय, हे भाकरी थापणाऱ्या बाईला आत बसून कळे. माणूस सारखा उठू लागला, उभा राहून कुंथू लागला, की बाई भाकरी थापायची थांबायची आणि कान द्यायची. माझ्या आईचा चेहरा अशा वेळी मी पाहिला आहे. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला भान नसायचं.

आमच्या घराण्यात पुरुषांच्या पाठीवर एक जण बसतो, अशी समजूत होती. त्याला नाव नव्हतं. बायका नुसतं 'बसणारा' म्हणत, तेही आवाज खाली आणून. तो खाडीतून येतो, आधी माणसाचं पाणी अडवतो, मग कमरेवर चढतो, मग पाठीवर बसतो, आणि एकदा बसला की माणूस उठत नाही. त्याला बसायला पाट दिला तर तो पाठीवर बसत नाही, असा हा सगळा बंदोबस्त. पाट रोज संध्याकाळी धुवायचा आणि त्यावर पानाच्या तुकड्यात भाजलेला बोंबील ठेवायचा. बोंबील अळणी हवा, कारण असल्यांना मीठ चालत नाही. सकाळी पान रिकामं असे. गावात मांजरं काही कमी नव्हती, पण मांजराचं नाव काढलं की आई असे डोळे वटारी की मी गप्प बसे.

आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की ज्याच्यासाठी पाट मांडलाय त्याच्याशी त्याबद्दल अक्षर बोलायचं नाही. बोललं की बसणाऱ्याला कळतं, आपल्याला ओळखलंय. मग तो पाट सोडून उठतो.

माझ्या लहानपणी तो पाट आजोबांसाठी मांडलेला होता. मला आठवतात ते आजोबा वाकलेले, मग आडवे, मग पाय लाकडासारखे पडलेले. कूस बदलताना ते जो आवाज काढीत तो ऐकू नये म्हणून मी कानात बोटं घालून पाठ म्हणायची. आजीने पाट धुवायचं एकही दिवस चुकवलं नाही, तरी ते गेले. मग आजोबांच्या धाकट्या भावासाठी पाट उतरला. ते मात्र तोच पाट मागे ठेवून म्हातारे होईतो जगले, थेंब थेंब मुतत आणि शिव्या देत, आणि शेवटी म्हातारपणानेच गेले. त्यामुळे गावात पाटाची पत वाढली. एकाच्या वेळी तो रागावला होता, दुसऱ्याच्या वेळी पावला, असं बायका म्हणत. मलाही ते पटत असे, कारण दुसरं काही पटवून घ्यायला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी पालघरला मास्तरीण झाले आणि तिथंच खोली घेऊन राहिले. सत्तरचं दशक सरत आलं होतं. सुट्टीत घरी आले तेव्हा मागच्या दाराशी पाट मांडलेला होता.

घरात तेव्हा उतारवयाला आलेला पुरुष एकच, माझे बाबा. दादा माझ्याहून मोठा, पण तो तिशीच्या आसपासचा. बाबा होडीचे तांडेल, उघड्या अंगाने वावरणारे, छातीवर पांढरे केस, आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर घरात चहा चढावा. ते पुढच्या दाराशी बसून फाटलेलं जाळं तुणत होते. मला बघून म्हणाले, "आली मास्तरीण. आता आमाला उठाबशा." मी हसले. आई चुलीपुढे होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून भाकरी उलटली.

मला संताप आला, आणि त्याचं काय करावं ते कळेना. शिकलेली बाई मी. पोरांना सांगायची की भूत नसतं, मनाचे खेळ असतात. पण बाबांना जाऊन विचारावं, "तुझं पाणी अडतं का?" हे माझ्याने होईना. मुलीने बापाला असलं विचारायचं? आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. माझ्या विचारण्याने तो उठला तर?

त्या सुट्टीत एकदा आई पालघरच्या बाजारात अडकली आणि पाट धुवायचं माझ्यावर आलं. दिवस मावळत होता. मागची बाजू दुपारपासून सावलीत असते, जमीन गार पडली होती. मी तांब्या घेऊन वाकले आणि पाटावर हात ठेवला. पाट गरम होता.

उन्हाने तापतो तसा नव्हे. माणूस उठून गेल्यावर बसकण असते तसा कोमट, आणि फक्त मधे, कडा गारच. मी तांब्या तिथंच टाकला आणि घरात आले. बाबा नुकतेच आत येऊन मडक्यातलं पाणी पीत होते. त्यांना सांगावं असं वाटलं, पण नियम आठवला. आई आल्यावर तिला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून मीच धुवीन."

पुढच्या खेपेला मी त्याला पाहिलं. भरती चढत होती, बंदराकडे होड्यांची गडबड चाललेली. मी पाणी फेकायला मागचं दार ढकललं, ते पूर्ण उघडलंच नाही, फटीतून फक्त पाट दिसला. पाटावर कोणी तरी बसलं होतं. पाठ माझ्याकडे, तोंड खाडीकडे. मातीच्या रंगाचं काही तरी डोक्यावरून घेतलेलं, उजवा खांदा पडलेला, आणि ते हलत नव्हतं. पाण्यावर उतरलेला उजेड त्याच्या भोवतीने दिसत होता. त्याने पानातलं काही उचलून तोंडात घातलं. मी दार ओढून घेतलं, कडी लावली आणि चुलीपाशी जाऊन आईला चिकटून बसले. इतकी मोठी घोडी मी, आईच्या पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. आईने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर बाबांची कंबर धरली. आधी म्हणाले, होडी ओढताना उसण भरली. तेल झालं, शेक झाला, हाडवैद्य झाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं चाललेलं. मग भगत आला, त्याने पाटाची जागा बदलायला सांगितली. बाबा आता जाळं तुणतानाही भिंतीला टेकून बसत, आणि उठताना दोन्ही हातांनी उंबरा धरत. आजोबांचा तो कूस बदलतानाचा आवाज एका पहाटे मी बाबांच्या तोंडून ऐकला. या वेळी मी कानात बोटं घातली नाहीत. ठरवलं, काय व्हायचं ते होवो.

डोळे तपासायला म्हणून त्यांना पालघरला नेलं. खोटं बोलल्याशिवाय ते येते ना. डॉक्टर सर्जन होते, बोलायला मऊ. त्यांनी बाबांना पडद्याआड नेलं आणि थोड्याच वेळात बाबा लेंग्याची नाडी आवळत, लाल होऊन बाहेर आले. "डोळं बघाया आलेल्या माणसाचा लेंगा कशाला सोडतो हा?" म्हणाले आणि लंगडत रस्त्याला लागले. मी मागून धावले. एस.टी. स्टँडवर त्यांना बाकावर बसवलं. म्हटलं, "बाबा, डोळ्यांचं खोटं होतं. तुझं पाणी अडतं, मला माहीत हाय. आजोबांसारखं होतंय तुला." सगळं एका दमात बोलले आणि खाडीच्या दिशेला पाहत राहिले, जणू तिकडून आता कोणी उठून येणार होतं.

कोणी आलं नाही. बाबांनी लेंग्याची नाडी पुन्हा एकदा आवळली. मग म्हणाले, "चल परत."

डॉक्टरांनी मागून बोट घालून तपासलं, रक्त घेतलं, कंबरेचा फोटो काढायला लावला. नंतर मला एकटीला आत बसवलं. म्हणाले, "पुरुषाच्या मूत्राशयाखाली सुपारीएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात. वयाबरोबर ती बहुतेकांची फुगते, पाणी अडतं, ते साधं दुखणं. काही जणांच्या ग्रंथीत कॅन्सर होतो. वडिलांची ग्रंथी हाताला दगडासारखी कडक लागतेय, आणि फोटोत हाडांवर डाग आहेत. हाडात उतरलाय." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं झालं होतं?"

मी आजोबांचं सांगितलं, त्यांच्या धाकट्या भावाचं सांगितलं. पाटाचंही सांगितलं, आवाज आपोआप खाली आला. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पाट मांडून किती दिवस झाले?"

"दोन पावसाळे."

ते पेन टेबलावर फिरवत राहिले. "तेव्हा आला असतात तर काही करता आलं असतं की नाही, मी छातीठोक सांगू शकत नाही. पण पाट मांडणाऱ्याने तुमच्याआधी ओळखलं होतं."

बरं होणार नव्हतं. दुखणं थांबवता येणार होतं. डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून दोन वाटा सांगितल्या. हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, ते बंद करायचं. एक तर छोटं ऑपरेशन करून दोन्ही अंडं काढायची, नाही तर बायकी हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या. गोळ्यांनी छाती वाढेल, पायांना सूज येईल, रक्ताची गाठ होऊन हृदयाला नाही तर मेंदूला धोका होऊ शकेल. माझ्या समोर हे सगळं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

"कापायचं काय नाय," बाबा म्हणाले. "मी बैल नाय. गोळ्या दे."

घरी पोचल्यावर मी सरळ मागच्या दाराशी गेले आणि पाट उचलला. म्हटलं, खाडीत भिरकावते. आईने माझं मनगट धरलं. मासे निवडणाऱ्या बाईच्या हातात केवढा जोर असतो ते मला त्या दिवशी कळलं. "ठेव तो खाली," ती म्हणाली. मी तिला नाही नाही ते बोलले. अडाणी म्हटलं. तुझ्या पाटाने बाबांना मारलं, असंही म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि पाट जागेवर मांडला.

गोळ्यांनी नवल केलं. थोड्या आठवड्यांत बाबा उभे राहिले, बंदरापर्यंत जाऊ लागले. गावात झालं, बसणारा उतरला. पण उतरताना तो काही तरी घेऊन गेला, आणि काही तरी ठेवून गेला. जन्मभर उघड्या अंगाने हिंडलेला माणूस सदरा घालू लागला, उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावून. दाढी विरळ झाली, चेहरा गोल आणि मऊ झाला. एकदा तिन्हीसांजेला शेजारची म्हातारी आमच्या पुढच्या दाराशी येऊन जागीच थिजली. म्हणाली, "मला वाटलं, तुजी आजीच बसलीय." आणि खरंच, दिवा लागायच्या आधीच्या उजेडात बाबांच्या चेहऱ्यातून आजीच आमच्याकडे पाहत होती. आजोबांसाठी पाट मांडणारी आजी. मी दिवा लावायला जरा जास्तच घाई केली.

बाबांना ते माहीत होतं. त्यांनी आरशात पाहणं सोडलं होतं. पण मला एकदा हसत म्हणाले, "बाई व्हायचं सोपं नाय गो. छाती दुखते." त्यावर मी रडले आणि तेही रडले, आणि आई चुलीपासून उठून आली नाही.

असे ते काही वर्षं जगले. एके सकाळी बोंबील वाळत घालायच्या खळ्यावर बसल्या बसल्या गेले. रोगाने नेलं की गोळ्यांनी, हे मला सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दहाव्यानंतर आईने पाट धुऊन पुसून माळ्यावर उलटा ठेवला.

मधे बरीच वर्षं गेली. दादा मासेमारी सोडून बोईसरच्या एका कारखान्यात लागला, पाम गावाच्या रस्त्याला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर त्याने ब्लॉक घेतला. मी पालघरलाच. नव्वदचं दशक निम्म्यावर आलं असेल, तेव्हा गुडघे दाखवायला मी त्याच डॉक्टरांकडे गेले. ते आता पांढरे झाले होते. गुडघे पाहून झाल्यावर म्हणाले, "तुमचा भाऊ आता केवढा असेल?"

"पन्नाशीला टेकला."

"त्याला माझ्याकडे आणा. आता रक्ताची एक तपासणी निघाली आहे, पी.एस.ए. म्हणतात. रक्त इथं घेतो, मुंबईला पाठवतो." मी उठायला लागले तशी त्यांनी हाताने बसवलं. "आधी नीट ऐका, आणि त्यालाही असंच सांगा. आकडा वाढला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. साध्या सुजेनेही वाढतो, लघवीच्या जंतूंनीही वाढतो. आकडा कमी म्हणजे सुटलो, असंही नाही. वाढला तर सुईने तुकडा काढून पाहावा लागतो. त्यात सापडलाच, तर कधी तो इतका सावकाश असतो की माणूस दुसऱ्याच कशाने जातो, आणि आपण उगाच ऑपरेशन करून बसतो. ऑपरेशन म्हणजे लघवी गळणं, नवराबायकोतलं संपणं, हेही होऊ शकतं. म्हणून मी हे सगळ्यांना सांगत सुटत नाही. पण ज्याचा बाप आणि आजा यानेच गेला असेल, त्याला सांगतो. ठरवायचं त्याने."

"होऊच नये म्हणून काही?"

"तंबाखू सोडा, हिंडा-फिरा, बेताचं खा. चांगलंच आहे ते. पण हमी देणारा पाट माझ्याकडेही नाही." मग म्हणाले, "आणि तुमच्या बायकांना सांगा, आवाजावर जाऊ नका. हा चोर सुरुवातीला आवाज करतच नाही. आवाज झाला तो बहुतेक वेळा साध्या सुजेचा. तुमच्या आजोबांचा भाऊ त्या सुजेवरच म्हातारा झाला."

त्याच संध्याकाळी मी बोईसरला गेले. खाली राखणदार म्हणाला, "भाभी बाजार गयी है, साहब ऊपर है." जिना चढताना मी मनात वाक्यं जुळवत होते. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली, उत्तर नाही. घरात भाजलेल्या बोंबलाचा वास भरलेला, आणि स्वयंपाकघरात शेगडी थंड. मी गॅलरीच्या दाराशी आले.

गॅलरीत पाट होता. तोच. झिजलेल्या कडांचा, फणसाचा. दांडीच्या माळ्यावरून तो इथं कोणी आणला, कधी आणला? समोर खाडी नव्हती. कारखान्यांच्या पाठी होत्या, पिवळट धूर आणि खाली एक रंगीत पाण्याचा नाला. आणि पाटावर कोणी तरी बसलं होतं. पाठ माझ्याकडे. डोक्यावरून टॉवेल घेतलेला. उजवा खांदा पडलेला. ते हलत नव्हतं.

एवढ्या वर्षांत मी स्वतःला समजावलं होतं की त्या दिवशी फटीतून मी काही पाहिलं नाही. आता ते दांडीहून चालत येऊन, चार जिने चढून इथं बसलं होतं. त्याने पानातलं काही उचललं आणि तोंडात घातलं. मग मान न वळवता ते बोललं.

"विचाराया आलीस ना? मग विचार."

दादाचा आवाज होता.

मी दाराची चौकट धरली. तोंडातून निघालं, "दादा, त्याच्यावर कशाला बसलायस?"

"माज्यासाठीच मांडलाय ना तुज्या वैनीनं? आयकडनं मागून आणला. मग दुसरं कोण बसणार त्याच्यावर?" तो वळला. डोळे लाल होते. "बाबा पण बसायचा. भरतीच्या टायमाला, आय चुलीशी असली की. मी होडीवरनं बघायचो. डोक्यावरनं गोधडी घेऊन यायचा नि गप बसायचा. मला तवा कळत नसं, हा का बसतो. आता कळतं. वाटतं, कोण तरी मागनं येईल नि विचारेल, काय होतंय रे तुला. तोंडानं तर सांगता येत नाय." मग त्याने पान पुढे सरकवलं. "नि हे अळणी मेलं घशाखाली उतरत नाय."

म्हणजे पाट गरम होता तो बाबांच्या बसण्याने. दाराला कडी लावून मी ज्याला बाहेर ठेवलं, तो माझा बाप होता. बसायला तेवढी एकच जागा त्याला दिली होती आम्ही, न बोलण्याची.

मी दादाला विचारलं. सगळं विचारलं, नाव घेऊन, धाकट्या बहिणीने मोठ्या भावाला जे विचारायचं नसतं तेही. वहिनी पिशवी घेऊन आली, त्याला पाटावर बसलेला बघून दारातच थांबली, आणि तिच्यादेखत मी विचारत राहिले. त्याने सगळ्याची उत्तरं दिली.

आकडा वाढलेला निघाला. तुकड्यात रोग सापडला. दादाच्या पाण्याचा आवाज साध्या सुजेने बदलला होता, रोग बाजूला मुकाट बसला होता, पण ग्रंथीच्या आतच. डॉक्टरांनी तिन्ही वाटा सांगितल्या, लक्ष ठेवायची, किरणांनी शेकायची, कापायची, आणि प्रत्येकीचे काटेही. दादाने मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. कित्येक महिने तो कारखान्यात जुन्या साडीच्या घड्या लावून जात होता, वहिनी त्या शिवून द्यायची, आणि तो चिडून म्हणायचा, तान्हं पोर झालोय. दुसरं जे गेलं ते परत आलं नाही. वहिनी माझ्याशी त्याबद्दल एकदाच बोलली. म्हणाली, माणूस घरात हाय, बास झालं.

तो ऑपरेशनहून घरी आल्यावर मी दांडीला गेले. आई आता फार म्हातारी झाली होती. मागच्या दाराशी बसून, हाताने चाचपत बोंबील निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं, दादा पाटावर बसायचा. तिचे हात चालू होते. मग म्हटलं, "आई, बाबा पण बसायचे. मी पाहिलं होतं त्यांना. मला वाटलं, तो हाय."

"मला माहीत हाय," आई म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"बसायचा ते. म्हणून तर रोज धूत होते. नि म्हणून तुला फेकू दिला नाय. गोळ्या चालू होत्या तवा पण बसायचा. दुसरी कुठं बसायची जागा होती त्याला?"

मला पुन्हा तोच जुना संताप आला. "मग बोलली का नाहीस? एकदा तरी मागून जाऊन विचारायचं होतंस."

तिने बोंबील सुपात टाकला. दुसरा उचलला. पाणी चढत होतं.

"बसणाऱ्याला अळणी ठेवायची रीत हाय," ती म्हणाली. "मी मीठ लावून ठेवायची. तुज्या बापसाला अळणी जात नसे."